मेणाचे घर, निलंग्याचे ऊन

पेल्यात ठेवून लावायच्या छोट्या मेणबत्तीला इंग्रजीत ‘व्होटिव्ह’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्द नवसाचा, म्हणजे सरळ मराठीत ही नवसाची मेणबत्ती. उंची 5 सेंटिमीटर, जाडी 4 च्या आत, वजन पन्नासेक ग्रॅम आणि राहायला काचेचा पेला, एवढाच तिचा संसार. साच्यातून निघताना ती स्वतःच्या पायावर उभी असते. पेटवली की हळूहळू सगळीच्या सगळी पातळ होते, पेला भरते आणि वात त्या तळ्यात शेवटपर्यंत जळत राहते. ही मेणबत्ती पेल्याशिवाय लावणे म्हणजे ताट न मांडता वरण वाढणे.

तेव्हा तिच्या मेणाकडून दोन उलट्या अपेक्षा असतात. पेटवेपर्यंत त्याने जागचे हलू नये आणि पेटवल्यावर वितळायला आढेवेढे घेऊ नयेत. मुलीसाठी स्थळ पाहताना जावई बाहेर करारी आणि घरात मऊ असावा असे जे वाटत असते, तेच हे. जगभरची पुस्तके या दोन अटींवर मेण निवडतात. निलंग्यात तिसरी अट न सांगता येऊन बसते. तिचे नाव मे महिना.

निलंगा लातूर जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, कर्नाटकाच्या सीमेजवळ. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि हे झाले सावलीतले मोजमाप. पत्र्याच्या खोलीत, दुकानाच्या दर्शनी काचेच्या कपाटात किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किती असते, ते न मोजलेलेच बरे. बहुतेक मेणे 45 ते 65 अंशांच्या दरम्यान वितळतात हे वाचून माणसाला धीर येतो. हा धीर खोटा. मेण काही बर्फासारखे एका ठरलेल्या अंशावर पाणी होत नाही. लहानमोठ्या रेणूंचे ते गाठोडे असते. वितळायच्या बऱ्याच आधीपासून ते मऊ पडते, मग वाकते, मग शेजारणीच्या गळ्यात पडते. डब्यात बारा मेणबत्त्या ठेवायच्या आणि आठवड्याने बारा वातींची एकच मेणबत्ती बाहेर काढायची, हा उन्हाळ्यातला ठरलेला कार्यक्रम आहे.

मराठी पोराला मेणाविषयी जी पहिली माहिती मिळते, तीच नेमकी दिशाभूल करणारी आहे. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस आला, कावळ्याचे घर वाहून गेले, चिमणीचे टिकले. गोष्ट खोटी नाही, पण ती मृगानंतरची आहे. तीच अक्षय्य तृतीयेला घडली असती तर दार वाजवणारी चिमणी असती, आणि बाळाची आंघोळ, तीट-पावडर आटपेपर्यंत तिला उन्हात तिष्ठत ठेवणारा कावळा. शेणाने सारवलेल्या घरात उन्हाळा काढलेल्या माणसाला यातले काही समजावून सांगावे लागत नाही. तुकोबांनी विष्णुदासांचा मऊपणा सांगताना मेणाचा दाखला दिला. निलंग्यात वर्षाचे दोन-तीन महिने त्या दाखल्यात अलंकार काही उरत नाही, नुसते वर्णन उरते.

यावर सोपा उपाय सुचतो: मेणबत्त्या थंडीत कराव्यात आणि थंडीतच खपवाव्यात. पण गिऱ्हाईक कॅलेंडर पाहून येते, पारा पाहून नाही. दिवाळी सोयीची, 6 डिसेंबर सोयीचा, नाताळ तर फारच सोयीचा. मात्र 14 एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमा हे दोन्ही दिवस भर उन्हाळ्यात येतात, आणि त्या दिवशी विहारात व घरोघरी बुद्धमूर्तीपुढे, बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्त्या लागतात. तिथे नवस नसतो, वंदना असते. पण मेणाच्या दृष्टीने काम तेच: सरळ उभे राहायचे आणि निमूट जळायचे. गावातली हमखास थंड जागा म्हणजे नीलकंठेश्वराच्या हेमाडपंती देवळाचा दगडी गाभारा. तिथे कुठलेही मेण सुखात राहिले असते, पण तिथला मान तेलातुपाच्या दिव्याचा.

खरोखरच्या नवसाचे मेण पाहायचे तर मुंबईला, वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत जावे लागते. तिथे मेणाचे हात, पाय, घरे, बाळे विकायला असतात. जे दुखते किंवा जे हवे असते, ते मेणात घ्यायचे आणि वाहायचे. ही जत्रा सप्टेंबरात भरते हे फार बरे. समुद्राकाठच्या सप्टेंबरात मेणाचा पाय पायच राहतो. मे महिन्यात तो निलंग्याच्या चौकात मांडला, तर दुपारपर्यंत गुडघ्याचे दुखणे घोट्याला उतरायचे.

बाजारात नुसते ‘मेण’ मागितले की मिळते ते पॅराफिन. लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या कुठल्याही रस्त्याने आत शिरले तरी ‘मेण द्या’ म्हटल्यावर पांढरी लादीच समोर येण्याची शक्यता जास्त. खनिज तेलापासून वंगण तयार करताना हे मेण वेगळे काढले जाते. 1830 मध्ये कार्ल फॉन रायखेनबाख या जर्मन रसायनतज्ज्ञाने ते ओळखले. ते कशाशीच सहसा संयोग पावत नाही म्हणून त्याचे नाव पडले पॅराफिन. लॅटिनमधून उलगडले तर ‘सोयरीक कमी’. आपल्याकडे आसामातल्या डिगबोईचा तेलशुद्धीकरण कारखाना 1901 पासून चालू आहे आणि मेण हे त्याचे जुने उत्पादन. म्हणजे रॉकेलची चिमणी आणि मेणबत्ती या एकाच घराण्यातल्या. गोष्टीतल्या चिमणीचे घर मात्र मधमाश्यांच्या मेणाचे असणार, कारण ती गोष्ट डिगबोईपेक्षा जुनी वाटते.

पॅराफिनच्या पोत्यावर 58-60 असा आकडा असतो. तो वितळण्याचा अंश असतो, पण आकडा दिसला की घासाघीस करायची सवय कुणाची सुटलेली नाही. “अठ्ठावन्न-साठ लई व्हायलंय मामा, बावन्न-चोपन्न लावा की,” असे गिऱ्हाईक म्हणते. मामांकडे 52-54 चाही माल असतो. ते तो आनंदाने देतात. गिऱ्हाईक जिंकल्याच्या आनंदात घरी जाते आणि एप्रिलात त्याच्या मेणबत्त्या नमस्कार करू लागतात. थंड मुलखातली पुस्तके नवसाच्या मेणबत्तीला 55 अंशांच्या आसपासचे मेण सुचवतात. ती पुस्तके लिहिणाऱ्यांच्या घरात उन्हाळ्यात लोणी बाहेर राहत असावे. निलंग्यात 58-60 च्या खाली उतरू नये.

पॅराफिन एकटे मात्र घालू नये. त्यात दहाला एक या हिशेबाने स्टिअरिक ॲसिड घालतात. नाव ऐकून बाटलीतले, धूर सोडणारे काही डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ते पांढऱ्या पत्रीसारखे, निरुपद्रवी असते. मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने 1825 मध्ये गे-ल्युसॅकच्या जोडीने याच्या मेणबत्त्यांचे पेटंट घेतले, आणि चरबीच्या वास मारणाऱ्या मेणबत्त्यांतून युरोपची सुटका झाली. स्टिअरिकने मेण कडक होते, पांढरेशुभ्र दिसते, आणि थंड होताना थोडे जास्त आकसते, म्हणून साच्यातून ठोकाठोकी न करता निघते. ते चरबीपासूनही होते आणि पाम तेलापासूनही. देवापुढे ठेवायच्या मेणबत्तीसाठी दुकानदाराला तेवढे विचारून घ्यावे. तो ‘एकदम शुद्ध शाकाहारी’ असे उत्तर देतो. मेणबत्तीला हे विशेषण लागण्याचा प्रसंग इतर देशांत फारसा येत नसावा.

आता खरा विषय, सोयाबीन. लातूर जिल्ह्यात पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन असते, दसऱ्याच्या सुमारास खळ्यावर असते, आणि त्यानंतर गावातल्या प्रत्येक बोलण्यात असते. आणि जगात सध्या घरगुती मेणबत्त्या करणाऱ्यांचे लाडके मेण कुठले, तर सोया वॅक्स. अमेरिकेत, आयोवा या सोयाबीनच्याच मुलखात, मायकेल रिचर्ड्स यांनी 1991 च्या सुमारास ते पुढे आणले. निलंग्यात ते महानगरातून कुरिअरने येते: पिशवीत साबूदाण्यासारखे दाणे, वर इंग्रजी लेबल, त्यावर हिरवे पान, आणि पॅराफिनपेक्षा चढा भाव.

यातला हिशेब कुणीही मांडू शकतो. एक क्विंटल सोयाबीनमध्ये साधारण 18 किलो तेल असते. तेवढ्या तेलाचे तेवढेच मेण धरले, तर 50 ग्रॅमच्या 360 मेणबत्त्या होतात. पेंड राहतेच, ती वेगळी विकली जाते. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. तो मिळाला असे गृहीत धरले (गृहीत धरायला पैसे पडत नाहीत), तर पेंडीचे काही न मोजताही एका मेणबत्तीत पंधरा रुपयांच्या आतले सोयाबीन असते. सुगंध घालून, पेल्यात भरून, रिबीन बांधून तीच शहरात कितीला जाते, हे पारावर सांगितले की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: “म्हंजी आमचंच सोयाबीन आमालाच विकायलेत की ओ!” तक्रार रास्त आहे. फक्त सोयाबीन ते मेण यांच्या मधे हायड्रोजनचा एक कारखाना लागतो, आणि तो पारावर बसवता येत नाही.

ही हायड्रोजनची करामत महाराष्ट्राच्या स्वयंपाकघराला नवी नाही. पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायचे, या युक्तीचे पेटंट विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनतज्ज्ञाने 1902 मध्ये घेतले. त्यातूनच वनस्पती तूप आले, ज्याच्या पिवळ्या डब्यात नंतर दोन पिढ्यांनी डाळी ठेवल्या. आपल्या अन्नकायद्याने वनस्पती तुपाला 41 अंशांची मर्यादा घालून दिली: त्याच्या वर वितळणारे नको. सोया मेण ही त्याच घरातली बहीण, पण हिला कायद्याचा धाक नाही, म्हणून ती आणखी थोडी घट्ट झाली. किती, ते मात्र पिशवीवर पाहावे लागते. पेल्यात थेट ओतायचे सोया मेण 45 ते 50 अंशांना वितळते, साच्यात घालून उभे करायचे 55 च्या पुढे. दोन्ही पिशव्यांवरचे हिरवे पान सारखेच असते. पहिल्या प्रकाराची उभी मेणबत्ती करून निलंग्यात मे महिन्यात शेल्फावर ठेवली, तर ती शेल्फाची होते.

शिवाय स्वभाव. पॅराफिनची सोयरीक कमी, तर सोयाची अंमळ जास्तच. ते साच्याला धरते, पेल्याला धरते, बोटांना धरते. थंड होताना फार आकसत नाही, म्हणून साच्यातून बाहेर यायला तयार नसते. माहेरी आलेल्या लेकीसारखे आणखी दोन दिवस राहते म्हणते. त्याला साच्यात घालूच नये. सरळ पेल्यात ओतावे, मग हाच दोष गुण होतो आणि काचेला मेण छान बसते. काटेकोर लोक म्हणतील की मग ती नवसाची मेणबत्ती उरली नाही, पेल्यातली मेणबत्ती झाली. म्हणू द्यावे. सोया सावकाश जळते, आणि रिकामा पेला गरम पाणी व साबणाने निघतो, हे भांडी घासणाऱ्याच्या दृष्टीने कुठल्याही व्याख्येपेक्षा मोठे आहे.

एकच खोड आणखी सांगायला हवी. काही दिवसांनी सोया मेणावर पांढरे, भुरकट नक्षीकाम उमटते. ते स्फटिक असतात, जळण्यात काही फरक पडत नाही. पण प्रदर्शनात बचत गटाच्या टेबलापुढे उभी असलेली काकू मेणबत्ती उचलते, डोळ्यांजवळ नेते, वास घेते आणि म्हणते, “ताई, याला बुरा आलाय की.” लोणच्याच्या बरणीवर तयार झालेली ही नजर रसायनशास्त्राने बदलत नाही. रंग न घालता मेण पांढरेच ठेवले, तर बुरा दिसत नाही.

मराठीत ‘मेण’ हा शब्द मुळात मधमाश्यांच्या मेणाचा. ते 62 ते 65 अंशांपर्यंत दम धरते. निलंग्याच्या उन्हापुढे ताठ उभे राहील असे हेच. अडचण भावाची, आणि ती मधमाश्यांनी घातलेली आहे. किलोभर मेण करायला त्या सहा-आठ किलो मध खातात असे मानतात, आणि इतका खर्च करून बांधलेले घर कुणी स्वस्तात सोडत नाही. गावोगावच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ लटकलेले दिसते. ते पाहून फुकटच्या मेणाचा विचार ज्यांच्या मनात येतो, त्यांनी नावातला ‘आग्या’ नीट वाचावा. हे मेण पूर्वी घरात चिमूटभरच असे, करंड्यात. कपाळाला आधी मेणाचे बोट, त्यावर कुंकू. वैशाखातल्या लग्नात पंगत वाढता वाढता त्या कुंकवाचा ओघळ नाकाच्या शेंड्याकडे निघाला की घरातल्या बायकांना कळे, मेणात काहीतरी भेसळ आहे. 62 अंशांचे शुद्ध मेण कपाळावर पाघळत नाही. पॅराफिनमध्ये दहाला एक एवढे जरी हे घातले, तरी मेणबत्तीचा कणा सरळ राहतो आणि वासही चांगला येतो.

खोबऱ्याच्या मेणाची जाहिरात अलीकडे फार. त्याबद्दल न्हाणीघरातल्या फडताळावरची खोबरेलाची बाटली खरे सांगते. ती डिसेंबरच्या सकाळी उन्हात ठेवावी लागते आणि होळीनंतर पुन्हा मे संपेपर्यंत गोठल्याचे कुणी पाहिलेले नसते, कारण खोबरेल 24 अंशांच्या सुमारास वितळते. दुसरे कडक मेण घातल्याशिवाय ते उभे राहायचे नाही. साजूक तूप तिशी-पस्तिशीतच पातळ होते. पाकिटात मिळणाऱ्या तयार तुपाच्या फुलवाती एप्रिलात दुपारी दोन वाजताही टोकदार उभ्या असतील, तर त्यांत तुपाखेरीज आणखी कुणीतरी राहते, एवढे समजावे. जेल नावाचा पारदर्शक प्रकार असतो, ज्यात शंख-शिंपले तरंगतात. तो साच्यातून काढून उभा करता येत नाही, म्हणून तो या विषयात येत नाही.

सुगंध घालायचा तर मेणाच्या शंभरात सहा-सात भाग पुरे. मोगरा, केवडा, चंदन चालते. जास्त घातला तर वास वाढत नाही, मेण मात्र आणखी मऊ पडते आणि तळाशी तेल सुटते. निलंग्याच्या नावाचा एकच सुगंध बाहेरगावी ओळखला जातो, तो निलंगा राइसचा. तो मेणबत्तीत घालू नये.

एवढे करूनही मेणबत्ती बिघडते, ती वातीमुळे, आणि नाव मेणाचे जाते. देवाची हाताने वळलेली वात तेलात राणीसारखी जळते. मेण पातळ झाले की आधार सुटतो आणि ती मान टाकते. मेणबत्तीला विणलेली सुती वात लागते. ही विणीची युक्तीही 1825 मधलीच. जळताना तिचे टोक वाकते आणि राख होऊन गळते, त्यामुळे कात्रीने काजळी कापत बसावे लागत नाही. वातीच्या बुडाला पत्र्याची चकती हवी, नाहीतर तळ्यात ती पोहू लागते. वात बारीक पडली तर ती मधल्या मधे खोल विहीर खणत जाते, कडेचे मेण तसेच भिंतीसारखे उभे, आणि शेवटी तळाला जाऊन विझते. मराठवाड्यात बोअर घेतलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचे आहे: खाली खाली जात राहायचे आणि आजूबाजूला काही लागायचे नाही. जाड पडली तर धूर. सोयाला पॅराफिनपेक्षा एक नंबर जाड वात घ्यावी, आणि लावण्याआधी टोक अर्ध्या सेंटिमीटरवर कापावे.

मेण थेट आचेवर ठेवू नये. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात मेण. पेटलेच तर झाकण घालावे. त्यावर पाणी ओतणारा माणूस दुसऱ्यांदा मेणबत्त्या करीत नाही. उन्हाळ्यात हे काम पहाटे उरकावे, कारण दहानंतर मेण निवायचे नाव घेत नाही. लवकर निवावे म्हणून फ्रिजमध्ये ठेवले की तडा जातो. पॅराफिन निवताना वातीभोवती खड्डा पडतो. तो बुजवायला थोडे मेण राखून ठेवायचे आणि दुसऱ्यांदा ओतायचे. रस्त्यावरच्या खड्ड्यांनाही हीच पद्धत असते. फरक इतकाच की इथला दुसरा थर पहिल्याशी एकजीव होतो.

सगळा घाणा घालण्याआधी एकच नमुना करून पाहावा. तो मे महिन्यात तीन दिवस पत्र्याच्या खोलीत माळ्यावर ठेवायचा. चौथ्या दिवशी तो उभा असेल तर मेण जमले. किंचित झुकला असेल तर स्टिअरिक वाढवावे. सापडलाच नाही, तर माळ्याच्या फळीकडे निरखून पाहावे.

फळीवरचे, डब्याच्या कडेचे, साच्यातून खरवडलेले मेण टाकून देऊ नये. ते वितळवून पुन्हा ओतता येते. सुपारीएवढा तुकडा वेगळा ठेवावा: दप्तराची चेन त्याने दोनदा घासली की शाळा उघडल्यावर अडकत नाही.